ताल काळजाचा, माप जेवणाचे, वेळ झोपेची

१. घड्याळाचे नवे काम

मागच्या धड्यात आपण घड्याळ पाहायला शिकलो. तासकाटा कोणता, मिनिटकाटा कोणता आणि भरभर पळणारा सेकंदकाटा कोणता, हे आता आपणांस ठाऊक झाले. आज त्या सेकंदकाट्याकडून एक मोठे काम करून घ्यायचे आहे. आज आपण आपली नाडी मोजू.

पाच मिनिटे स्वस्थ बसा. डावा तळहात वर करा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटे हलकेच टेका. अंगठ्याने मोजू नये. अंगठ्यात स्वतःचीच नाडी उडत असते, ती फसवते. लागला ठोका? आता सेकंदकाटा बारावर आला की मोजायला लागा आणि तो फिरून बारावर येईपर्यंत मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची घाई नको. का नको, ते पुढे कळेल.

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते. समजा, ७२ पडली. तर तासाला ४,३२० ठोके झाले आणि दिवसरात्रीचे १ लाख ३ हजार ६८०. भिवंडीचा यंत्रमाग बिघडला तर बंद ठेवता येतो, तेलपाणी करता येते. काळजाला असा खाडा नाही. आपण निजतो, ते निजत नाही.

नाडी दोन गोष्टी सांगते. ठोके किती, ही एक. ठोके कसे, ही दुसरी. भजनात मृदंग जलद वाजला तरी चालतो, पण तालात वाजला पाहिजे. काळजाचेही तसेच आहे. आजचा धडा ज्यांचा ताल चुकतो त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी तर अधिकच आहे.

२. हळदीची रात्र

आपले दापोडे गाव भिवंडी तालुक्यात. शेजारी मानकोली, वळ, गुंदवली. जुन्या माणसांना इथली भाताची खाचरे आठवतात. आता खाचरांच्या जागी गोदामे उभी आहेत. देशभरचा माल येथे येतो, रात्रीतून उतरतो, रात्रीतून चढतो. गोदामे आली तशी गावात रात्रपाळीही आली.

पुढे आपणांस नाना आणि काकी भेटतील. ते कोणी एक घर नव्हे. वर्गात घरोघरच्या ज्या गोष्टी आमच्या कानांवर येतात, त्यांची मिळून ही एक गोष्ट केली आहे.

नाना गोदामावर रात्रीचे वॉचमन. वय ५७. काकी दुपारच्या साक्षरता वर्गाला येतात. त्यांना नुकतेच शंभरच्या पुढचे आकडे लिहिता येऊ लागले होते.

पुतण्याची हळद होती. आपल्याकडची हळद कशी असते ते सांगायला नको. नानांनी दोन रात्री जागून काढल्या. मटण झाले, सुक्या मासळीचे तोंडीलावणे झाले, आणि मंडळींनी आग्रह केला म्हणून दारूही बरीच झाली. पहाटे तीनच्या सुमारास नाना खाटेवर उठून बसले.

काकींनी विचारले, “काय होतं वो?”

“छातीन कबुतर फडफडतंय जसा,” नाना म्हणाले. “काय नाय गो, पित्त झायलंय. तू नीज.”

काकी निजल्या नाहीत. वर्गात शिकवल्याप्रमाणे त्यांनी नानांच्या मनगटावर बोटे ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ठोके भरभर येत होते. पण दोन लागोपाठ येत, मग एक हुकल्यासारखा होई, मग तीन येत. कुठेच मेळ नव्हता. मिनिटभर मोजून त्यांनी हळदीच्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिले : “पहाटे ३. नाडी १३४. तालात नाय.”

“पित्ताने नाडी अशी वाकडी चालत नाय,” त्या म्हणाल्या. दिवस उजाडायची वाट न पाहता त्यांनी मुलाला उठवले आणि तिघे सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ती पत्रिका दोनदा वाचली आणि ताबडतोब छातीला तारा जोडून कागदाची पट्टी काढली.

त्या पट्टीला आपण ई.सी.जी. म्हणतो. काळजात फार सूक्ष्म वीज खेळत असते. तिची रेघ कागदावर नीट उमटवणारे यंत्र हॉलंडचे शास्त्रज्ञ विलेम आइंथोवन यांनी गेल्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ती पट्टी थोड्या मिनिटांत निघते आणि तिने काही दुखत नाही.

आता पंधरा सेकंदांची घाई का नको, ते कळले ना? ताल चुकलेली नाडी एका पावमिनिटात जलद चालते, तर दुसऱ्यात मंद. पुरा मिनिट मोजला तरच खरा अंदाज येतो.

३. मुकादमाची हाक

काळजात चार खण असतात. दोन वर, दोन खाली. वरच्या खणांत रक्त येते, तिथून ते खाली जाते आणि खालचे खण ते अंगभर लोटतात. हे काम एका हाकेवर चालते. वरच्या उजव्या खणात एक लहानसा ठिपका आहे. तो विजेची हाक देतो.

गोदामात जड पेटी उचलताना काय होते ते आठवा. मुकादम हाक देतो आणि सगळे हमाल एकदम जोर लावतात. पेटी उचलली जाते. पण समजा, मुकादमाची हाक कुणी ऐकेना आणि जो तो आपापली हाक देऊ लागला, तर? गलका होईल, पेटी जागची हलणार नाही.

नानांच्या काळजाच्या वरच्या खणांत असाच गलका झाला होता. ते आकसत नव्हते, नुसते थरथरत होते. ताल चुकण्याचे प्रकार अनेक आहेत. या प्रकाराला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण त्याला ‘वरच्या खणांची थरथर’ म्हणू.

थरथरीने धडधड होते, दम लागतो, थकवा येतो. काहींना तर काहीच कळत नाही. पण खरी भीती निराळीच आहे. वरचे खण नीट रिकामे होत नाहीत, म्हणून तेथे रक्त रेंगाळते. रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की माणसाला लकवा होतो. थरथर असलेल्या माणसाला अशा लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. कमावता हात लुळा पडतो, बोलता माणूस मुका होतो. म्हणून या दुखण्याला क्षुल्लक समजू नये.

थरथर कशाने होते? वाढलेल्या रक्तदाबाने होते. लठ्ठपणाने, मधुमेहाने, गळ्यातील थायरॉइड ग्रंथी फार जोरात चालू लागल्याने, दारूने होते. आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे. लहानपणी घसा धरतो, मग ताप येतो, सांधे सुजतात. हा ऱ्हुमॅटिक ताप. सांधे बरे होतात, पण काळजाची झडप कायमची बिघडू शकते. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशातील २४ ठिकाणच्या १,५३७ थरथरीच्या रुग्णांची नोंद केली. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना या तापाने झालेला हृदयविकार होता.

“लहानपणी गुडघे सुजायचे का हो?” डॉक्टरांनी नानांना विचारले. नानांना आठवले. एक पावसाळाभर आईने त्यांना कडेवर घेऊन फिरवले होते.

तेव्हा मंडळी, पोराचा घसा फार दुखत असेल, ताप असेल, तर त्याला वेळेवर डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांनी पेनिसिलिनची ठरावीक दिवसांची सुई लावून दिली असेल, तर ती चुकवू नका. मुलाचे काळीज त्याने वाचते.

४. ताटातले माप

नानांना गोळ्या सुरू झाल्या. एक ठोके आवरणारी, एक रक्त पातळ ठेवणारी, एक रक्तदाबाची. मग डॉक्टर म्हणाले, “औषधाचे मी पाहीन. पण ताट आणि झोप तुमच्या घरात आहे. तिथे मी येऊ शकत नाही.”

पहिले मीठ. मिठाने रक्तदाब चढतो आणि अंगात पाणी साठते. काळजावर ओझे पडते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे चहाच्या लहान चमच्याने सपाट एक चमचा, आणि तोही सगळ्या जेवणात मिळून. आपल्याकडे सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, लोणचे, पापड यांतूनच किती मीठ पोटात जाते! गोदामाबाहेरच्या गाडीवरचा वडापाव आणि पुड्यातले वेफर निराळेच.

काकींनी युक्ती केली. महिन्याचे मीठ त्या एका बरणीत काढून ठेवू लागल्या. घरात माणसे चार. चार माणसांचे दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. बरणी महिन्याच्या आत संपली तर माप चुकले. सुकी मासळी त्यांनी बंद केली नाही, पण रोजची ती आठवड्यातून एकदा आणि चवीपुरती केली. ताजी मासळी ठेवली. आंबटपणाला कोकम आणि लिंबू, चवीला लसूण, आले, मिरे. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, काकडी, ताक. ताट काही रडके झाले नाही. दुकानात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते. ते मात्र विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड अधू असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकते.

रक्तदाबावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात एक लेख लिहिला. आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांवरील अनुभवातून दाखवले. त्या लेखाची जगाने दखल घेतली. पण डॉक्टरांनी मुळी मापाने दिली होती आणि रुग्णांकडे नजर ठेवली होती. मुळी रानातली म्हणून निर्धोक, असे समजून ती आज आपल्या मनाने उगाळून घेऊ नये. माप नसलेले औषध आणि माप नसलेले मीठ सारखेच.

दुसरी दारू. सणाच्या, लग्नाच्या, गटारीच्या दुसऱ्या दिवशी धडधड घेऊन येणारे लोक डॉक्टरांच्या ओळखीचे असतात. ऑस्ट्रेलियात १४० थरथरीच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे नेमाने पिणारे होते. निम्म्यांना दारू सोडायला सांगितले, निम्म्यांना नेहमीप्रमाणे राहू दिले. सहा महिन्यांत नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना थरथर पुन्हा झाली. सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना झाली. दारू सोडली म्हणजे दुखणे गेले, असे नाही. पण शंभरातल्या वीस माणसांचा फरक लहान नव्हे.

तिसरा चहा. “चहा विष आहे, काळजाला चालत नाही,” असे लोक म्हणतात. सकाळचा एक-दोन कप चहा किंवा कॉफी थरथरीला वाढवते, असे दिसून आलेले नाही. ज्याला चहाने धडधड होते त्याने तो सोडावा. बाकीच्यांनी माफक घ्यावा. निजायच्या आधी सहा तास मात्र चहा नको, कारण तो झोप मोडतो. तंबाखू, विडी आणि मशेरी या तिघींना कोणतीच सवलत नाही. त्यांनी नाडी जोरात पळते. मशेरीची डबी काकींचीही होती. ती त्यांनी सावकाश सोडली.

चौथे पाणी. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या गोदामात घामाच्या धारा लागतात. कधी हगवण लागते, उलट्या होतात. त्यातून अंगातले पाणी आणि क्षार जातात. त्यांतील पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी झाले की काळजाचा ताल बिघडू शकतो. डाळी, केळी, शहाळे यांत हे क्षार असतात. पण सगळ्यांना एक नियम लावता येत नाही. काहींचे काळीज अशक्त असते, त्यांना पाणी मोजून प्यावे लागते. काहींना शहाळे चालत नाही. तेव्हा “मी दिवसाला किती पाणी प्यावे? मला केळे, शहाळे चालेल का?” हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि उत्तर तिथेच लिहून घ्यावे.

५. नाना पालेभाजीला भितात

आता नानांची एक चूक सांगतो. तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कुणीतरी नानांना सांगितले, “रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? मग हिरवी भाजी वर्ज्य.” झाले! नानांनी मेथी, माठ, पालक, कोथिंबीर सगळे टाकले. तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दंडावर काळेनिळे डाग दिसू लागले. तपासणीत रक्त फारच पातळ निघाले. डॉक्टरांनी गोळीचे माप बदलले आणि भाजी खायला सांगितले.

पुढे पावसाळा आला. रानात टाकळा, कुर्डू, कवळा उगवला. श्रावणात मासळी बंद. नाना आता रोज दोन्ही वेळा पालेभाजी खाऊ लागले. पुन्हा तपासणी झाली. या खेपेला रक्त पुरेसे पातळ नव्हते. म्हणजे गुठळीची भीती!

असे का झाले? त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. १९२० नंतरच्या वर्षांत तिकडे आणि कॅनडात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. गोड घासासारखा एक चारा त्यांनी खाल्लेला असे, तोही भिजून सडलेला. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या डब्यात न गोठणारे रक्त घेऊन कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या दारी आला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून त्या चाऱ्यातले रक्त पातळ करणारे द्रव्य वेगळे काढले. त्यावरून वॉर्फरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकले गेले. १९५४ पासून तेच मापाने माणसांना औषध म्हणून दिले जाऊ लागले. जे बेमाप घेतले तर मारते, ते मापाने घेतले तर लकवा टाळते!

रक्त गोठायला ‘के’ नावाचे जीवनसत्त्व लागते. ते गर्द हिरव्या पालेभाजीत भरपूर असते. वॉर्फरिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या त्याच जीवनसत्त्वाचे काम अडवतात. भाजी एकदम टाकली तर गोळीचा जोर वाढतो. भाजी एकदम वाढवली तर गोळीचा जोर कमी पडतो. तराजूची दोन पारडी आहेत, म्हणा ना. म्हणून नियम असा : पालेभाजी खावी, पण दर आठवड्याला सारखीच खावी. काकींनी ठरवले, आठवड्यातून तीन दिवस, एक वाटी. श्रावण असो की शिमगा, माप तेच.

ही गोळी घेणाऱ्यांची एक रक्ततपासणी असते. तिला आय.एन.आर. म्हणतात. थरथरीच्या बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. झडप बदललेल्यांचा निराळा असू शकतो. आपला आकडा डॉक्टरांना विचारा आणि वहीत लिहा.

आता काही नवीन गोळ्या आल्या आहेत. त्यांना भाजीचा असा हिशेब लागत नाही. पण ज्यांची झडप ऱ्हुमॅटिक तापाने फार अरुंद झाली आहे किंवा ज्यांना धातूची झडप बसवली आहे, त्यांना जुनीच गोळी योग्य ठरते. नाना पहिल्या प्रकारातले. आपली गोळी कोणती, हे पाकिटावरचे नाव वाचून ध्यानात ठेवा.

आणखी एक. हमाली केली की अंग दुखते. मग औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी आणतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर अशा बऱ्याच गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुकानदाराला आधी सांगा, “माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.” एवढे एक वाक्य जीव वाचवते.

६. घोरणारा माणूस गाढ झोपलेला नसतो

ताट सुधारले, तरी नानांचा थकवा जाईना. दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागे. ज्या दिवशी झोप कमी, त्या दिवशी धडधड जास्त. आणि धडधड झाली की झोप उडे. असे हे चक्र आहे. बिघडलेला ताल झोप मोडतो आणि मोडलेली झोप ताल बिघडवते.

पुढच्या खेपेला काकी डॉक्टरांना म्हणाल्या, “हे घोरतात बघा, पार ओटीवर ऐकू येतं. मधीच घोरणं थांबतं. श्वासच बंद. मी मोजलं घड्याळावर. वीस सेकंद! मग दचकून मोठा श्वास घेतात. मना भीतीच वाटते.”

डॉक्टर म्हणाले, “काकी, हे नानांना कधीच सांगता आले नसते. झोपलेल्याला आपला श्वास थांबलेला कळत नाही.”

लोक समजतात, घोरणारा गाढ झोपला आहे. तसे नसते. घशाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त वेळ अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. शरीर घाबरून जागे होते. नाडी आणि रक्तदाब उसळतात. रात्रीतून असे कितीतरी वेळा घडते. याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. थरथरीच्या रुग्णांत हा दोष पुष्कळदा सापडतो. रात्रभराच्या तपासणीने तो ओळखता येतो.

उपाय काय? वजन जास्त असेल तर उतरवावे. ॲडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवले की ज्या लठ्ठ रुग्णांनी दहा टक्के वजन उतरवले आणि टिकवले, त्यांना थरथरीपासून कितीतरी जास्त आराम मिळाला. नव्वद किलोचा माणूस एक्याऐंशीवर यायचा, एवढेच. कुशीवर निजावे. निजताना दारू नको. झोपेची गोळी आपल्या मनाने तर मुळीच नको, कारण तिने अडलेला श्वास आणखी अडू शकतो. दोष मोठा असेल तर नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारे यंत्र मिळते. त्याने दिवसाची पेंग कमी होते.

आता रात्रपाळीचे. ब्रिटनमध्ये २ लाख ८३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त दिवसा काम करणाऱ्यांपेक्षा कायम रात्रपाळी करणाऱ्यांत थरथर सुमारे १२ टक्के अधिक आढळली. दापोड्याच्या माणसाने यावरून घाबरून जाऊ नये, पण सावध व्हावे. “रात्रपाळी सोडा” असे कागदावर लिहिणे सोपे. चूल त्या पगारावर पेटते, हे आम्ही जाणतो. नानांनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून दिवसपाळी मागितली. ती मिळायला पाच महिने लागले.

ते पाच महिने काकींनी असे काढले. मोठे जेवण पाळीला जाण्यापूर्वी. मध्यरात्री भूक लागली तर भाकरी-भाजी थोडी, फरसाण नाही. पहाटे तीननंतर चहा नाही. घरी आल्यावर हलकी न्याहारी आणि रोज एकाच वेळी अंथरूण. खिडकीला जाड सतरंजी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शेजारच्या पोरांना काकींनी सांगितले, “बाबांनो, तुमची रात्र ती आमच्या नानांची दुपार. गाणी चारनंतर लावा.” पोरे ऐकत. कधी ऐकत नसत.

ज्यांची पाळी दिवसाची, त्यांनी रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी उरकावे. भरल्या पोटी आडवे झाले की जळजळ होते, धडधड वाटते. लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ सकाळची ठेवता येईल का, ते विचारावे. नाहीतर रात्रभर उठबस होते.

७. नाना आज कसे आहेत?

नाना बरे झाले का? पूर्ण नाही. त्यांची नाडी अजून तालात नाही. काहींची ती कायमची तशीच राहते. पण ती आता १३४ वर पळत नाही, ७८ ते ८४ मध्ये असते. रक्ताचा आकडा बहुधा मापात येतो. ते कामावर जातात. एकदा बरे वाटते म्हणून त्यांनी गोळ्या बंद करायचे काढले. काकींनी वही पुढे ठेवली आणि म्हटले, “बरं वाटतंय ते या गोळ्यांनी. डॉक्टर सांगतील तवा बंद करू.” बरे वाटते म्हणून गोळी सोडणे, ही या दुखण्यातली सर्वांत महाग चूक.

नानांच्या पुढल्या हळदीत दारू नव्हती. बारा वाजता ते घरी येऊन निजले. लोक हसले. हसू द्या.

ध्यानात ठेवा

तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तो लकवा समजा. मालीश, मंत्र, वाट पाहणे यात वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा. गुठळी विरघळवण्याची सुई साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षण कधी दिसले ती वेळ लिहा, गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या.

छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बसल्या जागी दम लागणे, शौच काळे होणे, रक्त न थांबणे यांपैकी काही झाले तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

वहीत लिहा

वहीच्या पानावर सहा रकाने आखा : तारीख. नाडी. तालात की नाही. गोळ्या घेतल्या का. पालेभाजी. झोप किती तास. रोज सकाळी अंथरुणातून उठल्यावर पाच मिनिटे बसून पहिला आकडा भरा. महिन्याने हेच पान डॉक्टरांपुढे ठेवा.

प्रश्न

१. नाडी पुरा एक मिनिट का मोजावी?
२. तुमच्या घरात माणसे किती? महिन्याला जास्तीत जास्त किती मीठ पुरे? हिशेब करा.
३. नानांनी पालेभाजी टाकली तेव्हा काय झाले? श्रावणात काय झाले? दोन्ही वेळा चूक कोणती?
४. तुमच्या घरात कोण घोरते? त्याचा श्वास मध्येच थांबतो का? आज रात्री घड्याळ जवळ ठेवा आणि पाहा.